लक्झेंबर्ग: लहान देशाचं सुख सगळ्यांचं, की जाड पगारवाल्यांचं?

हिशेबनीस (धागाकर्ते)

युरोपात जायचं म्हटलं की आपल्याकडे जर्मनी, नेदरलँड्स, फार तर आयर्लंड. लक्झेंबर्गचं नाव निघालंच तर ‘करसवलतींचा देश’ किंवा ‘तिथे बस फुकट असते’ एवढ्यावर विषय संपतो. त्या देशाबद्दल चार शब्द चांगले आणि नेमके लिहावेत म्हणून हा धागा.

देश गोव्याहून लहान, 2,586 चौरस किलोमीटर. 2025 च्या सुरुवातीला लोकसंख्या 6 लाख 82 हजारांच्या आसपास, त्यातले सुमारे 47 टक्के परदेशी नागरिक. शिवाय रोज दोन लाखांहून जास्त माणसं फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून सीमा ओलांडून कामाला येतात. परका माणूस ही इथे रोजची गोष्ट आहे, त्यामुळे दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुणी चमकून बघत नाही.

माझं म्हणणं असं: देश लहान असल्यामुळे सरकार हाताच्या अंतरावर असतं, आणि नोकरदाराला मिळणारं संरक्षण मागावं लागत नाही, ते आपोआप चालू होतं. उदाहरण म्हणजे पगाराचा निर्देशांक. महागाईचा निर्देशांक अडीच टक्क्यांनी वर सरकला की देशातले सगळे पगार आणि पेन्शनी कायद्याने अडीच टक्के वाढतात. वरिष्ठाला भेटायचं नाही, वार्षिक मूल्यांकनाची वाट बघायची नाही. 2023 मध्ये महागाई भडकली तेव्हा फेब्रुवारी, एप्रिल आणि सप्टेंबर अशी एका वर्षात तीनदा वाढ झाली. मे 2025 मध्ये किमान वेतन अकुशल कामाला महिना 2,703.74 युरो आणि कुशल कामाला 3,244.48 युरो झालं.

रजा वर्षाला किमान 26 दिवस, त्यावर 11 सार्वजनिक सुट्ट्या. सुट्टी रविवारी आली तर बदली दिवस मिळतो. नोकरी गेली आणि आधीच्या वर्षभरात 26 आठवडे काम झालेलं असेल तर बेकारी भत्ता जुन्या पगाराच्या 80 टक्के, मुलं असतील तर 85. त्याला कमाल मर्यादा आहे, पण घरभाडं आणि किराणा भागतो.

आरोग्यविम्याचं काम सीएनएस नावाची सरकारी संस्था बघते. नेहमीची पद्धत म्हणजे डॉक्टरचे पैसे आधी आपण द्यायचे, बिल आणि भरल्याचा पुरावा पाठवायचा, मग तपासणीच्या दराचे 88 टक्के खात्यावर परत येतात. नवे आलेले लोक अडकतात ते एका साध्या जागी: सीएनएसला स्वतःचा खाते क्रमांक कळवायचा राहून जातो. बिलं जातात, पैसे येत नाहीत, आणि माणूस यंत्रणेला दोष देत बसतो. आल्यावर कम्यूनमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नोंदणी झाली की 13 आकडी ओळखक्रमांक मिळतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे जन्माचं वर्ष, महिना, दिवस. तो हातात पडताच सीएनएसकडे खातं कळवून टाकावं.

आणि हो, बस, ट्राम, रेल्वे. 29 फेब्रुवारी 2020 पासून देशभर दुसऱ्या वर्गाचा प्रवास मोफत आहे, पर्यटकालासुद्धा. ट्राम आता फिंडेल विमानतळापर्यंत जाते. विमानातून उतरलेला माणूस तिकीट न काढता थेट गावात पोचतो.

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला, नवराबायको आणि शाळकरी मूल असं धरून, पाचसात वर्षं नीट राहायला युरोपात याहून सोयीचा देश मला दिसत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्द्यानिशी लिहावं.

कौलारू

मुद्द्यानिशीच लिहितो. तुमच्या लेखात घर कुठे आहे?

लक्झेंबर्ग शहरात एका बेडरूमच्या सदनिकेचं भाडं साधारण 1,500 ते 2,000 युरो. तुम्हीच दिलेलं अकुशल किमान वेतन 2,703 आहे, तेही कर आणि विमा कापण्याआधी. म्हणजे हातात आलेल्या पगाराचा मोठा घास घर खातं. निर्देशांकाने अडीच टक्के वाढले तर किमान वेतनावर महिन्याला सुमारे 68 युरो पदरात पडतात, तेही कापण्याआधी. भाड्यापुढे ते काय पुरणार?

घरमालकाची गणितंही ठरलेली असतात. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसावं, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या असाव्यात, करार कायम नोकरीचा असावा आणि परीक्षण काळ संपलेला असावा. आता बघा. नव्याने आलेल्याकडे तीन पावत्या नसतात, आणि परीक्षण काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो. चांगली कमाई असलेला माणूससुद्धा पहिल्या सहा महिन्यांत मालकाच्या यादीत तळाला जातो. मग कंपनीच्या तात्पुरत्या सदनिकेत जास्त पैसे मोजत राहावं लागतं.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूने सुधारला आहे, हे मी नाकारत नाही. ऑगस्ट 2024 पासून अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी (आधी तीन होती), दलालाची फी मालक आणि भाडेकरूंत निम्मी निम्मी, आणि करार लेखीच हवा. पण मागणी एवढी आहे की कायदा माहीत असलेला भाडेकरू तो वापरायला धजत नाही. वार्षिक भाडं मालकाने घातलेल्या भांडवलाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आहे. जास्त वाटलं तर कम्यूनच्या भाडे आयोगाकडे जाता येतं. किती परदेशी भाडेकरू जातात? जाण्याआधी मालकाने किती भांडवल घातलं हे कळायला हवं, आणि ते विचारणारा भाडेकरू मालकाला नको असतो.

म्हणून सीमेपलीकडे त्रिअर, थिऑनविल, आर्लोंमध्ये राहणाऱ्यांची रांग लागते. तुम्ही ज्या दोन लाखांचं कौतुक केलंत, त्यातल्या अनेकांना या देशात राहणं परवडत नाही म्हणून ते रोज ये-जा करतात. त्याला स्वागत म्हणता येणार नाही.

हिशेबनीस

कौलारू, भाड्याचे आकडे मान्य. पण तुम्ही शहराचे आकडे घेतलेत. एश, डिफरडांज, एटलब्रुक ही गावं रेल्वेवर आहेत आणि तिथे भाडं कमी असतं. शहरापर्यंतचा प्रवास फुकट, त्यामुळे बाहेर राहिल्याचा दंड वेळेत पडतो, पैशात नाही.

पावत्यांच्या अडचणीवर उपाय आहे. नोकरीचा करार सही करतानाच नोकरी देणाऱ्या कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: पगार आणि पद नमूद केलेलं पत्र, आणि पहिल्या दोनतीन महिन्यांची राहण्याची सोय. अनामत रोख देण्याऐवजी बँक हमी चालते का, हेही घरमालकाला विचारावं. हमीसाठी बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते, पण पैसे मालकाच्या खात्यात जात नाहीत. घर सोडताना परत मिळवण्याची भांडणं बरीच कमी होतात.

परवानापेटी

दोघांच्याही बोलण्यात एक मोठी गोष्ट राहिली. सीमेपलीकडे राहण्याचा पर्याय युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला त्रिअरला राहून लक्झेंबर्गला नोकरी करायची तर जर्मनीचा वास्तव्य परवाना वेगळा आणि लक्झेंबर्गची काम करण्याची परवानगी वेगळी. लक्झेंबर्गच्या परवान्यावर जर्मनीत घर घेऊन राहता येत नाही. भाडं जास्त म्हणून पलीकडे जाऊ, हा बेत आपल्या लोकांनी डोक्यातून काढावा.

आता क्रम. तो चुकला तर महिने जातात.

पहिलं, तात्पुरत्या वास्तव्याची मंजुरी भारतात असतानाच मिळवायची. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे अर्ज करू म्हटलं तर चालत नाही. साध्या नोकरीच्या परवान्यासाठी कंपनीला जागा आधी आडेम या रोजगार संस्थेकडे नोंदवावी लागते. ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या युरोपीय परवान्याला, ही पायरी नाही, पण त्याला पगाराची अट आहे, 2025 साठी ती वर्षाला 63,408 युरो होती. मंजुरीपत्र 90 दिवस चालतं, तेवढ्यात डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, काढून पोचायचं. पोचल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कम्यूनमध्ये आगमनाची नोंद. मग वैद्यकीय तपासणी, त्यात क्षयरोगाची चाचणी. आणि तीन महिन्यांच्या आत 80 युरो भरून परवान्याचा अर्ज.

आपल्याकडची खरी अडचण जन्मदाखल्याची असते. महाराष्ट्रातल्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ते नाव महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून भरून घ्यायचं, नवा दाखला काढायचा, राज्य सरकारचं साक्षांकन करायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का. विवाह दाखल्यालाही तेच. बायकोचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असेल, तर कुटुंबाच्या अर्जावर प्रश्न येतात. दाखला इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये नसेल तर अधिकृत भाषांतरकाराचं भाषांतर जोडावं लागतं. हे सगळं नोकरीचं पत्र हातात येण्याआधी सुरू करावं. नंतर घाईत होत नाही.

हिशेबनीसांनी बेकारी भत्त्याचं सांगितलं ते बरोबर, पण साधा पहिला परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा आणि एकाच व्यवसायापुरता, एकाच क्षेत्रापुरता असतो. पहिल्या वर्षात नोकरी गेली तर भत्त्यापेक्षा परवान्याची चिंता मोठी. नूतनीकरणानंतर ते बंधन सुटतं. एक गोष्ट मात्र निखळ चांगली झाली: सप्टेंबर 2023 पासून कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला नोकरीसाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही. पूर्वी शिकल्यासवरल्या बायका इथे येऊन घरात बसायच्या. त्या एका बदलाने कितीतरी घरांचं गणित सुटलं आहे.

पाटीपेन्सिल

शाळकरी मूल धरून हा देश सोयीचा, असं धागाकर्ते म्हणतात. मला ते वाक्य वयाप्रमाणे तोडून बघायचं आहे.

मूल तीनचार वर्षांचं असेल तर उत्तम. पाळणाघरात एक ते चार वयाच्या मुलांना बहुभाषिक कार्यक्रमाखाली आठवड्याला 20 तास मोफत मिळतात, वर्षाचे 46 आठवडे. चौथ्या वर्षी सक्तीची शाळा सुरू होते आणि दोन वर्षं मूल खेळत खेळत लक्झेंबर्गिश उचलतं. सहाव्या वर्षी अक्षरओळख होते ती मात्र जर्मनमधून. फ्रेंच बोलण्यातून येतं, मग लिहिण्यात, आणि पुढे माध्यमिक शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमध्ये जातात. लक्झेंबर्गिश येणाऱ्या मुलाला जर्मन जवळचं वाटतं, म्हणून ही रचना. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला दोन वर्षांत तिसरी भाषा आणि लगेच चौथी.

मूल नऊदहा वर्षांचं असेल तर ही गाडी चालत्या रुळावर पकडायची असते, आणि इथेच घरं अडखळतात. गणितात हुशार असलेलं मूल गणिताचं उदाहरणच वाचू शकत नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास माध्यमिकचा प्रवाह ठरतो, तेव्हा जर्मनचे गुण आडवे येतात. परदेशी घरांतली मुलं वरच्या प्रवाहात कमी दिसतात, याची चर्चा त्या देशातच वर्षानुवर्षं चालू आहे. फ्रेंचमधून अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग 2022 पासून काही शाळांत सुरू झाला तो त्यामुळेच.

उपाय आहे, तोही फुकट: सरकारी आंतरराष्ट्रीय शाळा. पहिली 2016 मध्ये डिफरडांजला निघाली, नंतर युंगलिन्स्टर, क्लेर्वो, मोंडॉर्फ, मेर्श आणि राजधानीतही निघाल्या. इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन विभाग निवडायचा, शेवटी युरोपियन बॅकॅलॉरिएट ही शालान्त परीक्षा. शिवाय लक्झेंबर्गिशचे तास असतात, त्यामुळे मूल गावापासून तुटत नाही. पण कम्यूनमध्ये नोंदणी केली की मुलाला मिळते ती गावची नेहमीची शाळा. आंतरराष्ट्रीय शाळेत अर्ज आपण थेट करायचा असतो आणि जागा मोजक्या. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार आणि कुटुंब ऑगस्टमध्ये उतरणार, तर इंग्रजी विभागात जागा उरलेली असेल असं धरून चालू नये.

सहाच्या आतलं मूल असेल तर जरूर जा. आठ ते बाराच्या मधलं असेल तर आधी शाळेची जागा पक्की करा, मगच विमानाचं तिकीट. हिशेबनीसांच्या लेखात हा फरक यायला हवा होता.

चावडी

शाळा, घर, परवाने यांवर सगळे बोलले. मला नागरिक म्हणून माणसाची किंमत काय, यावर बोलायचं आहे.

जिथे 47 टक्के लोक परदेशी आहेत तिथल्या संसदेच्या 60 जागा फक्त नागरिकांच्या मतांवर ठरतात. परदेश्यांना काही अटींवर संसदेचं मत द्यावं का, हा प्रश्न 7 जून 2015 ला सार्वमताला टाकला. 78 टक्के ‘नाही’ म्हणाले. कर भरणारा, भाडं देणारा, पेन्शन निधी भरणारा निम्मा समाज, आणि त्या पैशांचं काय करायचं यात त्याला शब्द नाही. कामगारांचा देश आणि मतदारांचा देश एकाच जमिनीवर वेगळे झाले आहेत. भाडी का उतरत नाहीत याचं एक उत्तर इथे आहे, असं मला ठामपणे वाटतं. मत असणाऱ्यांत घरमालक जास्त, भाड्याने चिरडला जाणारा बहुधा मतदारयादीत नाही.

सरकार हाताच्या अंतरावर आहे म्हणता. हात लांबवायचा हक्क कुणाला, हे आधी सांगा.

भाषासखी

चावडी, तुमचा राग समजतो, पण चित्र अर्धं आहे. कम्यूनच्या निवडणुकीत परदेश्यांना मत देता येतं, भारतीयांनाही. पूर्वी पाच वर्षं राहण्याची अट होती, ती काढून टाकली आणि जून 2023 च्या निवडणुकीत अटीशिवाय मतदान झालं. फक्त यादीत नाव आपणहून घालावं लागतं, मतदानाच्या 55 दिवस आधीपर्यंत. मुदतीत फार थोडे परदेशी नाव घालतात. शाळेनंतरची सांभाळकेंद्रं, खेळाची मैदानं, बांधकामाचे परवाने, भाडे आयोग हे सगळं कम्यूनच्या हातात आहे. असलेला हक्क न वापरता नसलेल्यावर भांडणं मला पटत नाही.

आणि नागरिकत्वाचं दार इथे शेजारच्या मोठ्या देशांच्या मानाने उघडं आहे. 2017 च्या कायद्यानुसार पाच वर्षं वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष सलग. लक्झेंबर्गिशची तोंडी परीक्षा: बोलणं ए-2, म्हणजे प्राथमिक पातळीचं, ऐकून समजणं त्याच्या वरच्या बी-1 चं. लेखी परीक्षा नाही. शिवाय 24 तासांचा नागरिकशास्त्राचा वर्ग, त्यात नागरिकांचे हक्क 6 तास, राज्यसंस्था 12 तास, इतिहास आणि युरोपीय एकीकरण 6 तास. वीस वर्षं राहिलेल्याला भाषेची परीक्षाही नाही, 24 तासांचा भाषावर्ग पुरतो.

अनेकांना अवघड जातं ते ऐकणं, बोलणं तेवढं नाही. बोलण्याचे विषय ठरावीक असतात, तयारी होते. ऐकण्याच्या चाचणीत खऱ्या वेगाने बोलणारी माणसं असतात, आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजी-फ्रेंच वापरणाऱ्याच्या कानावर लक्झेंबर्गिश पडतच नाही. म्हणून रोज थोडा वेळ रेडिओ लावावा, गावच्या बँडपथकात, अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांत किंवा मुलांच्या फुटबॉल क्लबात नाव घालावं. तिथे भाषा बदलून इंग्रजीवर येण्याची कुणाला घाई नसते.

त्यासाठी कायद्याने पगारी रजा आहे, आणि ती आपल्या लोकांना माहीत नसते. भाषारजा एकूण 200 तासांची, दोन टप्प्यांत, प्रत्येक टप्पा 80 ते 120 तासांचा. नोकरीत सहा महिने झालेले हवेत. दुसरा टप्पा हवा तर पहिल्याचा अभ्यासक्रम यशस्वी पूर्ण करावा लागतो. निम्मा भार सरकार उचलतं, त्यामुळे कंपनीला समजावणं सोपं जातं. कामाचा खोळंबा होईल म्हणून कंपनी तारखा पुढे ढकलू शकते, म्हणून वर्गाचं वेळापत्रक मिळताच अर्ज द्यावा.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवायची. लक्झेंबर्गला दुहेरी नागरिकत्व 2009 पासून चालतं, भारताला चालत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड काढायचं. गावाकडे शेतजमीन घ्यायची इच्छा असेल तर आधी विचार करा, कारण ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते.

रूळजोड

फुकट प्रवासावर थोडं. तिकिटांतून आधी वर्षाला जेमतेम 4 कोटी 10 लाख युरो यायचे, खर्च त्याच्या दसपटीहून जास्त. त्यामुळे सरकारला सोडून द्यायला फार नव्हतंच. पण दर हजारी मोटारींत हा देश अजूनही युरोपात अग्रभागी आहे. शिवाय गर्दी सीमेवरून येते आणि मोफत प्रवास सीमेवर संपतो. पुढचं तिकीट काढावं लागतं.

हिशेबनीस एश आणि एटलब्रुकला राहा म्हणतात, त्यात एक भर. उन्हाळ्यात रुळांच्या कामांसाठी मार्ग कित्येक आठवडे बंद ठेवतात आणि बदली बस देतात. घर ठरवताना स्टेशनापर्यंत किती मिनिटं हे सगळे बघतात. गाडी बंद असताना दुसरी बस आहे का, आणि रविवारी ती किती वेळाने येते, हेही बघावं.

कौलारू

भाषासखींचा भाडे आयोगाचा मुद्दा मला लागला, म्हणून तेवढंच पुरं करतो. आयोगाकडे जायचं असेल तर आधी मालकाला लेखी कळवावं लागतं. महिन्याभरात तोडगा निघाला नाही तर आयोगाकडे अर्ज करायचा. घरात शिरतानाची स्थितीची नोंद खोलीवार फोटोंसह आणि दोघांच्या सह्यांसह जपून ठेवा. घर सोडताना भिंतीवरचा जुना डाग तुमच्या नावावर लागतो तो ती नोंद नसल्यामुळेच. सुटताना नोंद स्वच्छ असेल तर निम्मी अनामत किल्ल्या दिल्यापासून महिन्याभरात मिळायला हवी, उरलेली सामाईक खर्चाचा वार्षिक हिशेब लागल्यावर.

घर परवडत नाही हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण जो जाणार आहे त्याने हे कागद घेऊन जावं, आणि कम्यूनच्या मतदारयादीत नाव पहिल्याच वर्षी घालावं.